हीला पेशींत पी५३चं जनुक शाबूत आहे, मग वेस्टर्न ब्लॉटवर बँड का येत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या प्रोजेक्टसाठी तुम्ही तीन प्रकारच्या पेशींचा वेस्टर्न ब्लॉट केलात, म्हणजे पेशींतली प्रथिनं आकारानुसार वेगळी करून हवं ते प्रथिन अँटीबॉडीने शोधलंत. स्तनाच्या कर्करोगातून आलेल्या एमसीएफ-७ पेशींमध्ये ५३ किलोडाल्टनच्या आसपास पी५३चा बँड (पट्टा) आला, तशाच एमडीए-एमबी-२३१मध्ये त्याहून कितीतरी ठळक आला आणि हीलामध्ये जवळपास काहीच आलं नाही. पी५३ हे कर्करोग थोपवणारं प्रथिन; ते बनवणारं टीपी५३ जनुक हीलामध्ये बिघडलेलं नाही, हे तुम्ही वाचलं आहे. मग ब्लॉट चुकला, की प्रथिन खरंच नाही? आणि अशा प्रथिनाच्या मागे विषाणू का लागतो?

तुमचा ब्लॉट बहुधा बरोबर आहे. हीलामध्ये पी५३चा आरएनए तयार होतो, त्यावरून प्रथिनही तयार होतं, पण ते साचायच्या आत तोडलं जातं. हे काम एचपीव्ही-१८ या विषाणूच्या (ह्युमन पॅपिलोमा विषाणूचा १८ क्रमांकाचा प्रकार) ई६ या छोट्या प्रथिनामुळे होतं. हीला पेशी १९५१ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून घेतलेल्या आहेत आणि त्यांच्या जनुकसंचात, आठव्या गुणसूत्रावर पेशीची वाढ चालवणाऱ्या मिक जनुकाच्या जवळ, एचपीव्ही-१८च्या डीएनएचे तुकडे कायमचे जोडले गेलेले आहेत. ई६ आणि ई७ ही विषाणूची दोन जनुकं त्या पेशींत आजही चालू आहेत.

आता जरा खोलात जाऊ, कारण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे.

निरोगी पेशीतही पी५३ फार कमी असतं. ३९३ अमिनो आम्लांचं हे प्रथिन सतत बनतं आणि सतत तोडलं जातं, त्याचं अर्धायुष्य साधारण २० मिनिटं. तोडण्याची खूण लावतं ते एमडीएम२. हे प्रथिन पी५३वर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची साखळी चढवतं आणि प्रोटिअसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं तोडणारं यंत्र, तिथून पुढचं काम उरकतं. गंमत म्हणजे एमडीएम२चं जनुक पी५३च चालू करतं, म्हणजे पी५३ वाढलं की त्याला खाली आणणाराही वाढतो. डीएनए तुटला की एटीएमसारखे कायनेज पी५३च्या १५व्या सेरीनसह काही जागांवर फॉस्फेट लावतात, एमडीएम२ची पकड सुटते आणि पी५३ तासाभरात साचू लागतं. मग ते केंद्रकात डीएनएवर बसून पी२१, प्यूमा, नॉक्सा यांसारखी जनुकं चालू करतं. पी२१ने पेशीचं विभाजन थांबतं, प्यूमा आणि नॉक्साने पेशी स्वतःला संपवते. नुकसान किती आहे आणि पेशी कोणत्या ऊतीतली आहे, यावर कोणता रस्ता घ्यायचा हे ठरतं.

हीलामध्ये हा सगळा हिशेब बदलतो. तिथे एमडीएम२ बाजूला पडतं आणि त्याची जागा ई६एपी हे पेशीचंच दुसरं लायगेज (युबिक्विटिन चढवणारं प्रथिन) घेतं. ई६एपी एरवी पी५३ला हात लावत नाही. ई६ त्याला चिकटलं की मात्र त्या जोडीची पी५३वर पक्की पकड बसते आणि युबिक्विटिन चढतं. ई६मुळे पी५३चा ऱ्हास होतो हे १९९० साली दिसलं आणि ई६एपी हेच ते लायगेज, हे १९९३ साली सिद्ध झालं. लक्षात घ्या, विषाणूने तोडण्याचं यंत्र स्वतः आणलं नाही. पेशीचं यंत्र वापरलं आणि फक्त त्याचं लक्ष्य बदललं.

पण विषाणूला हे करायची गरज का पडते? एचपीव्हीकडे स्वतःचं डीएनए पॉलिमरेज नाही. त्याचा डीएनए वाढायचा तर पेशीचं यंत्र चालू हवं. अडचण अशी की तो भरपूर वाढतो ते त्वचेच्या किंवा श्लेष्मल आवरणाच्या वरच्या थरांत, आणि तिथल्या पेशींनी विभाजन कधीच थांबवलेलं असतं. म्हणून ई७ पुढे येतं. ते विभाजन रोखणाऱ्या आरबी प्रथिनाला बांधून, डीएनए बनवायची जनुकं चालू करणाऱ्या ई२एफला मोकळं करतं आणि विश्रांतीला गेलेली पेशी पुन्हा डीएनए बनवायला लागते. हे अवेळी सुरू झालेलं काम पेशीच्या लक्षात येतं. ई२एफमुळे पी१४एआरएफ हे प्रथिन वाढतं, ते एमडीएम२ला अडवतं आणि पी५३ वर चढतं. ई७ एकटं असतं तर इथेच पेशी थांबली असती किंवा मेली असती आणि तिच्याबरोबर विषाणूचाही डाव संपला असता. म्हणून ई६ लागतं. ई७ने पेटवलेला गजर ई६ बंद करतं, अशी ही जोडी आहे.

पी५३ला विषाणूविरुद्ध थेट कामही आहे. आल्फा आणि बीटा इंटरफेरॉन पेशीत टीपी५३ जनुकाचं लेखन वाढवतात, हे २००३ साली दाखवलं गेलं. लागण झालेली पेशी लवकर मेली तर नवे विषाणूकण तयार व्हायला वेळ मिळत नाही. म्हणजे पी५३ हटवण्यात विषाणूचा दुहेरी फायदा आहे.

आणि इथे एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते, कारण वर्गात ती बहुतेक वेळा उलटी शिकवली जाते. कर्करोग हे विषाणूचं उद्दिष्ट नाही. कर्करोग झालेल्या पेशीत एचपीव्हीचा डीएनए बऱ्याचदा गुणसूत्रात घुसून तुटलेला असतो आणि तिथून नवे विषाणूकण बाहेर पडत नाहीत. विषाणूच्या दृष्टीने ती वाट बंद आहे. हीलामध्ये तर या घुसखोरीत ई२ जनुक मोडलं आहे, आणि ई२ हेच ई६-ई७वर लगाम ठेवणारं प्रथिन. लगाम गेल्यामुळे ही दोन जनुकं अखंड चालू राहिली, पी५३ आणि आरबी वर्षानुवर्षं निष्प्रभ राहिले, आणि रोजच्या डीएनए-चुका तपासायला कोणी उरलं नाही. हीलामध्ये ई२ परत घातलं तर पेशी विभाजन थांबवून वृद्धावस्थेत जातात. इतकी दशकं वाढूनही त्या पेशी आजसुद्धा या दोन प्रथिनांवर अवलंबून आहेत. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत आशा देणारी गोष्ट वाटते. हीलामधलं पी५३ मोडलेलं नाही, दाबलेलं आहे.

मस्सा आणणारे ६ आणि ११ क्रमांकाचे एचपीव्ही प्रकार बघा. त्यांनाही ई६ आहे, पण ते पी५३चा असा ऱ्हास घडवत नाही. १६ आणि १८चं घडवतं. धोकादायक प्रकार कोणते, यात हा फरक मोठा आहे.

आता तुमच्या एमडीए-एमबी-२३१च्या ठळक बँडकडे येऊ. त्या पेशीतलं पी५३ २८०व्या जागी बदललेलं आहे, अर्जिनिनच्या जागी लायसिन. ते डीएनएला नीट धरू शकत नाही, त्यामुळे एमडीएम२ पुरेसं तयार होत नाही, आणि निकामी पी५३ साचत राहतं. बँड जाड, काम शून्य. मानवी मूत्रपिंडातून घेतलेल्या एचईके-२९३टी पेशींचा ब्लॉट केलात तर तिथेही भरपूर पी५३ दिसेल आणि ते म्युटेटही (बदललेलंही) नसेल. तिथे एसव्ही४० विषाणूचं लार्ज टी अँटिजेन पी५३च्या डीएनए धरणाऱ्या भागावर बसलेलं असतं, शिवाय अ‍ॅडिनोव्हायरसचं ई१बी-५५के असतंच. पी५३ टिकतं, पण हलू शकत नाही. खरं तर पी५३ सापडलं तेच असं, १९७९ साली, एसव्ही४०च्या टी अँटिजेनला चिकटलेलं प्रथिन म्हणून. पुढची दहा वर्षं त्याला कर्करोग वाढवणारं जनुक समजलं गेलं, कारण वापरलेले क्लोन म्युटंट होते. १९८९ साली चित्र उलटलं. सांगायचा मुद्दा हा की बँडच्या जाडीवरून प्रमाण कळतं, काम कळत नाही. प्रोजेक्टच्या चर्चेत हे वाक्य नक्की लिहा.

हीलामधला ऱ्हास तुमच्या हाताने दाखवायचा असेल तर काय करावं ते सांगते.

पहिली कल्पना सगळ्यांना एमजी-१३२ची सुचते. हे प्रोटिअसोम अडवतं. डीएमएसओमध्ये १० मिलिमोलर स्टॉक करा, २ मिलि माध्यमात २ मायक्रोलिटर घाला, म्हणजे १० मायक्रोमोलर होतं आणि डीएमएसओ ०.१ टक्क्यावर राहतं. तेवढंच डीएमएसओ कंट्रोल विहिरीतही घाला. ४ ते ६ तास पुरेत. रात्रभर ठेवलंत तर पेशी मरायला लागतात आणि मग मिळणाऱ्या निकालाचा अर्थ लागत नाही. स्टॉकचे छोटे भाग करून उणे २० अंशांवर ठेवा, पुन्हा पुन्हा वितळवू नका. हीलामध्ये बँड वर येईल. पण यावरून ई६ सिद्ध होत नाही. एमडीएम२सुद्धा प्रोटिअसोमच वापरतं, म्हणून एमसीएफ-७मध्येही बँड वाढेल. हा प्रयोग फक्त 'प्रथिन बनतंय आणि तोडलं जातंय' इतकंच सांगतो. आणखी एक मेख आहे. पी२१ स्वतःही प्रोटिअसोममध्ये तुटतं. त्यामुळे एमजी-१३२च्या लेनमध्ये पी२१ वाढलं म्हणून 'पी५३ कामाला लागलं' असं लिहू नका. परीक्षकाला विषय माहीत असेल तर तो नेमकं तिथेच बोट ठेवेल.

फरक दाखवणारं औषध म्हणजे नटलिन-३ए. ते एमडीएम२च्या पी५३ धरणाऱ्या खाचेत बसतं. १० मायक्रोमोलर, ८ ते २४ तास. एमसीएफ-७मध्ये पी५३, पी२१ आणि एमडीएम२ तिन्ही वाढतील, हीलामध्ये पी५३ जवळपास जिथल्या तिथे राहील. कारण तिथे तोडणारा वेगळा आहे. बाटलीवर नुसतं नटलिन-३ लिहिलेलं असेल तर ते मिश्रण असतं आणि त्यातला निम्माच भाग परिणामकारक असतो. मात्रा त्या हिशेबाने वाढवावी लागते.

तिसरा आणि निर्णायक पुरावा एसआयआरएनएचा, म्हणजे ठरावीक जनुकाचा आरएनए नष्ट करायला लावणाऱ्या छोट्या आरएनएचा. एक एसआयआरएनए ई६एपीविरुद्ध, म्हणजे यूबीई३ए जनुकाविरुद्ध, दुसरा एचपीव्ही-१८च्या ई६-ई७विरुद्ध, आणि तिसरा कशालाच न लागणारा कंट्रोल. १० ते २० नॅनोमोलर, ४८ ते ७२ तास. पहिल्या दोन्हींत हीलामधलं पी५३ वर यायला हवं. ई६-ई७ दाबल्यावर पेशींची वाढ मंदावते, त्यामुळे सुरुवातीलाच थोड्या जास्त पेशी पेरा. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे साहित्यातून एचपीव्ही-१६चा क्रम उचलणं. तो एचपीव्ही-१६ असलेल्या सिहा आणि कास्की पेशींना चालतो, हीलाला नाही. ई६ आणि ई७ एकाच आरएनएवरून येतात, म्हणून 'फक्त ई६ दाबलं' असा दावा करण्याआधी ई७ही घटलंय का ते बघा.

ई६चा वेस्टर्न ब्लॉट करायच्या फंदात पडू नका. ते १५८ अमिनो आम्लांचं, अगदी कमी प्रमाणात असणारं प्रथिन आहे आणि चांगली अँटीबॉडी मिळणं कठीण. त्याऐवजी आरटी-पीसीआरने (आरएनएवरून डीएनए बनवून तो वाढवण्याच्या पद्धतीने) आरएनए मोजा. मात्र विषाणूचा डीएनए हीलाच्या गुणसूत्रातच आहे, हे विसरू नका. आरएनएत थोडा जरी डीएनए राहिला तरी खोटा सिग्नल येतो. डीएनेज वापरा आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेली एक नळी प्रत्येक नमुन्याला ठेवाच. टीपी५३चा आरएनएही त्याच वेळी मोजा. हीलामध्ये तो व्यवस्थित दिसतो, आणि 'जनुक चालू, प्रथिन गायब' हे दाखवायला यापेक्षा सोपा पुरावा नाही.

ब्लॉटबद्दल. पी५३ केंद्रकात असतं आणि काही भाग क्रोमॅटिनला घट्ट असतो. सौम्य बफरने पेशी फोडल्या तर तो गाळात राहून जातो आणि तुम्हाला वाटतं प्रथिनच नाही. रिपा हा जास्त तीव्र बफर वापरा, प्रोटिएज इनहिबिटर आणि पीएमएसएफ ऐनवेळी घाला, कारण पीएमएसएफ पाण्यात टिकत नाही. बर्फावर ३० मिनिटं, मग ४ अंशांवर १४,००० जी वेगाने १५ मिनिटं. शंका असेल तर एकदा पेशी सरळ सॅम्पल बफरमध्ये फोडून, ९५ अंशांवर ५ मिनिटं उकळून, बारीक सुईतून आठदहा वेळा ओढून तोच नमुना चालवून बघा. दोन्हींत बँड नसेल तर गाळाचा प्रश्न नाही. प्रथिनाचं प्रमाण बीसीए चाचणीने मोजा. रिपातल्या डिटर्जंटमुळे ब्रॅडफर्ड चाचणी फसवते. युबिक्विटिनची शिडी बघायची असेल तर बफरमध्ये १० मिलिमोलर एन-इथाइलमॅलिमाइड लागेल, नाहीतर साखळ्या फोडताफोडताच सुटतात.

एका लेनला ३० ते ४० मायक्रोग्रॅम, हीलासाठी हवं तर सगळ्या लेन ५०वर न्या, पण सगळ्या सारख्या. १० टक्के जेल पी५३ला ठीक आहे. पी२१ला १२ ते १५ टक्के जेल आणि ०.२ मायक्रॉन छिद्रांची पीव्हीडीएफ पटल घ्या, नाहीतर छोटं प्रथिन आरपार निघून जातं. डीओ-१ अँटीबॉडी १:१००० प्रमाणात, ४ अंशांवर रात्रभर. ही पी५३च्या सुरुवातीच्या टोकाशी, २० ते २६ अमिनो आम्लांच्या भागाला चिकटते आणि माणसाचं पी५३ ओळखते, उंदराचं नाही. कोणी हाताशी आहेत म्हणून उंदराच्या पेशी कंट्रोल म्हणून सुचवल्या तर नको म्हणा. सेरीन-१५चं फॉस्फेट बघायचं असेल तर ५ टक्के दुधाऐवजी बीएसएने ब्लॉक करा, दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेटवालं आहे. एक्स्पोजरही दोन घ्या. एमडीए-एमबी-२३१चा बँड इतका प्रखर असतो की यंत्र आपोआप कमी वेळ निवडतं आणि हीलामधला पुसट बँड दिसतच नाही. तुमच्या ब्लॉटमध्ये हेही थोडं झालं असावं. त्या लेनचा भाग कापून वेगळा ठेवा आणि बाकीचा पटल पाच मिनिटं एक्स्पोज करा.

एप्रिल-मेमध्ये अँटीबॉडी मागवली असेल तर खोकं उघडताना बर्फाची पिशवी अजून गार होती का, ते नोंदवहीत लिहा. पुण्याच्या उन्हात एक दिवस गोदामात पडलेली अँटीबॉडी नंतर महिनाभर त्रास देते आणि कारण कोणालाच आठवत नाही.

पेशींची खात्री हा वेगळा विषय, पण दोन वाक्यं. हीला इतर पेशींच्या बाटल्यांत शिरून त्यांना मागे टाकण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत, म्हणून एमसीएफ-७च्या डीएनएवर एचपीव्ही-१८चा पीसीआर एकदा करून टाका. तो निगेटिव्ह यायलाच हवा. तुमच्या बाटल्यांचा इतिहास धड माहीत नसेल तर गणेशखिंडला विद्यापीठाच्या आवारातच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचा पेशीसंग्रह आहे, तिथून नोंद असलेल्या पेशी रीतसर मागवता येतात. मायकोप्लाझ्माची (पेशींच्या बाटल्यांत नकळत शिरणाऱ्या जिवाणूंची) तपासणी दर महिन्याला करा.

उपचाराच्या बाजूने विचार केलात तर हाच फरक पुन्हा समोर येतो. माणसाच्या साधारण निम्म्या कर्करोगांत टीपी५३ म्युटेट झालेलं असतं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ते क्वचितच म्युटेट होतं, कारण ई६ असताना त्याची गरजच उरत नाही. त्यामुळे एमडीएम२ अडवणारी औषधं इथे फारशी उपयोगाची नाहीत. अडवायचं तर ई६ आणि ई६एपी यांची जोडी, किंवा ई६चं लेखनच. तोंड-घशाच्या एचपीव्हीवाल्या गाठी किरणोपचाराला बहुतेक वेळा अधिक चांगला प्रतिसाद देतात. त्याचं एक संभाव्य कारण हेच दिलं जातं की तिथलं पी५३ मूळचं शाबूत असतं.

लशीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी गोंधळ फार दिसतो म्हणून लिहिते. पुण्यात सीरमने तयार केलेल्या सर्व्हाव्हॅकमध्ये ६, ११, १६ आणि १८ या प्रकारांचं एल१ प्रथिन आहे, म्हणजे विषाणूचं रिकामं कवच. त्यात ई६, ई७ नाहीत, डीएनएही नाही. म्हणून लशीमुळे पी५३वर काही परिणाम होण्याचा प्रश्नच येत नाही. आणि त्याच कारणाने आधीच लागण झालेल्या पेशीला लस बरी करू शकत नाही, कारण त्या पेशीच्या पृष्ठभागावर एल१ नसतंच. या लशीचे ९ ते १४ वयाला दोन डोस आणि १५ ते २६ला तीन असतात, आणि वयाचं बंधन मुख्यतः लागण होण्याआधी लस पोचावी म्हणून आहे.

आता पुढचा ब्लॉट कराल तेव्हा लेन अशा लावा: एच१२९९ (यात पी५३ अजिबात नाही, म्हणून निगेटिव्ह कंट्रोल), एमसीएफ-७ डीएमएसओ, एमसीएफ-७ नटलिन, एमसीएफ-७ एमजी-१३२, हीला डीएमएसओ, हीला नटलिन, हीला एमजी-१३२, हीला कंट्रोल एसआयआरएनए, हीला ई६एपी एसआयआरएनए, हीला ई६-ई७ एसआयआरएनए. एमडीए-एमबी-२३१ दुसऱ्या जेलवर न्या. पटलावर पी५३, मग सगळ्या लेनमध्ये प्रथिन सारखं आहे का हे बघायला जीएपीडीएच. पी२१साठी तेच नमुने वेगळ्या जेलवर चालवा. एच१२९९च्या लेनमध्ये ५३च्या जागी काही दिसलं तर ती अँटीबॉडीची आगंतुक खूण आहे, आणि हीलामधला पुसट बँड वाचण्याआधी ती वजा करावी लागेल. एसआयआरएनएच्या शेवटच्या लेनमध्ये पी५३बरोबर पी२१ही वर आलं, तर तिथे प्रोटिअसोम अडवलेलं नसल्यामुळे तो पुरावा ग्राह्य आहे: दाबलेलं पी५३ परत आलं आणि कामालाही लागलं.